वॉफलची वाफ जाईपर्यंत

"काल रात्री तुझ्याकडे केळं जळालं," अक्का म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता, पंचनामा होता.

आमच्या आणि अक्कांच्या घरांमध्ये छातीइतक्या उंचीची कंपाउंडची भिंत आहे. तिच्या माथ्यावरचा गिलावा एका जागी उडालाय आणि त्या खळग्यात अक्कांच्या कॉफीचा डबरा नेमका बसतो. (डबरा म्हणजे आपला पावसाळ्यातला खड्डा नव्हे. पेल्याखाली असतं ते पसरट वाटीसारखं भांडं, ज्यात ओतून कॉफी निववायची.) सकाळी साडेसहाला डबरा भिंतीवर टेकला की सभा सुरू. मी माझा चहा घेऊन जाते. चहा बघून अक्का नाक मुरडतात. गेली बावीस वर्षं रोज मुरडतायत.

फाइव्ह फर्लांग रोडला लागून आमची गल्ली. नाव घोड्यांच्या शर्यतीचं आणि गर्दी दुचाक्यांची, असा हा गिंडीचा भाग. डोक्यावरून मीनंबाक्कमची विमानं जातात. विमान आलं की बोलणं तोडायचं, गेलं की तुटलेल्या शब्दापासून पुढे. ही सवय अंगात इतकी भिनलीय की माहेरी चिपळूणला गेले तरी मी वाक्याच्या मध्येच थांबते आणि वहिनी विचारते, "बरं वाटत नाही का?"

अक्का तंजावरच्या मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग त्यांचं घराणं तिकडे गेलं, म्हणजे झाली सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं तर वाचणाऱ्याला निम्मंच कळेल, म्हणून इथे ते माझ्या मराठीत घालतेय. पण चुकून कुणी त्यांच्या मराठीला हसलंच तर उत्तर तयार असतं: "तुमची मराठी टीव्हीत असते. आमची घरात असते."

तर, केळं.

"जळलं नाही अक्का, चिकटलं," मी म्हटलं. "वॉफलचं यंत्र आणलंय लेकीनं. दोन तव्यांच्या मध्ये पीठ घालून मिटायचं, की चौकटी-चौकटींची जाड पोळी निघते."

"निघाली का?"

"अर्धी वरच्या तव्याला, अर्धी खालच्या."

अक्कांनी डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात कॉफी दोनदा खालीवर केली. हा त्यांचा विचार करण्याचा आवाज. "मे महिन्यात, कत्तिरीच्या उन्हात, रात्री साडेदहाला यंत्र. कुणासाठी?"

सांगावंच लागलं. रविवारी सकाळी लेकीच्या ऑफिसातला एक मुलगा नाश्त्याला यायचा होता. तो वीगन आहे.

"म्हणजे शाकाहारी ना? आपण सगळे तेच."

"नाही अक्का. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. मधसुद्धा नाही."

"मध का नाही? माशी मरते का त्यानं?"

"माशीनं स्वतःसाठी साठवलेलं अन्न आपण का उचलायचं, असं म्हणणं आहे त्याचं."

"अय्यो. मग हा पळणीचं पंचामृत कसं घेतो?"

अक्कांचा जीव पळणीत. तिथलं पंचामृत म्हणजे डोंगरातली विरुपाक्षी केळी, गूळ, तूप, मध आणि वेलदोडा. २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा स्वतःला पद्मश्री मिळाल्यासारख्या त्यांनी गल्लीभर डब्या वाटल्या होत्या. ज्या मुलाला ते चालत नाही, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात पहिल्याच मिनिटाला लाल रेघ उमटली.

मला मात्र त्या मुलाचं कौतुक वाटत होतं, थोडी भीतीही. आमच्या घरी वरण-भातावर तुपाची धार पडल्याशिवाय पान वाढलं असं कुणी म्हणत नाही. तूप 'शाकाहारी नाही' असं जगात कुणाला वाटू शकतं, ही कल्पना पचायला मला दोन दिवस लागले. आमचे हे म्हणाले, शब्द तसा नवाच आहे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या माणसानं आणि त्याच्या मित्रांनी 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट ठेवून मधलं पोट काढून टाकलं, तो झाला 'वीगन'. ह्यांना असली माहिती फार. उपयोगाला येते ती अशी, दुसऱ्याला सांगायला.

"दूध नाही, तूप नाही," अक्का बोटं मोडत म्हणाल्या, "मग इडली दे की. इडलीत गाईचं काय आहे? तांदूळ, उडीद, मीठ, पाणी. सांबारात काय आहे? नारळाच्या चटणीत? पोंगलवर तूप नाही घातलं की झालं. अख्खी मद्रास सकाळी आठ वाजेपर्यंत वीगन असते, कॉफी सोडून."

खरं होतं. मी इतके दिवस जवसाची पूड आणि नारळाचं दूध यांच्या मागे गल्लीभर फिरत होते. (अण्णाचीच्या दुकानात जवस मागायला गेले, तर तमिळ शब्द आठवेना. हातवारे करकरून शेवटी 'आळि विदै' मिळालं. त्याआधी त्यानं तीळ, हळीव आणि कबुतरांचं खाणं दाखवून झालं होतं.) पण लेकीला इडली चालणार नव्हती. तो मुलगा शिकायला दोन वर्षं बेल्जियमला होता. परत आल्यापासून त्यानं वॉफल खाल्लं नाही, कारण इथे मिळेल त्यात अंडं नाहीतर लोणी.

"हे तिला कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

"आणि तिनं तुला."

"हो."

"ऑफिसातल्या सगळ्यांचीच दुःखं सांगते का गं ती तुला?"

मी तोंड उघडलं आणि विमान आलं. उतरणारं होतं, चाकं दिसत होती. ते जाईपर्यंत अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचार करत होते की मला हे आधी का नाही सुचलं.

विमान गेलं. "नाव काय?" अक्कांनी विचारलं.

"पहिलं नाव नाही लक्षात. राव म्हणते ती."

अक्कांनी डबरा भिंतीवर ठेवला. "राव? कुठला राव?"

हा प्रश्न मद्रासबाहेरच्या माणसाला कळायचा नाही. इथे 'राव' ऐकून काहीच ठरत नाही. तेलुगू राव असतो, कन्नड राव असतो, मंगळूर-उडुपीकडचा तुळू बोलणारा राव असतो आणि तंजावर-कुंभकोणमचा मराठी रावही असतो. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. ते अक्कांचे राव. अक्कांच्या हिशेबी प्रत्येक राव तोपर्यंत मराठी, जोपर्यंत तो स्वतः नाही म्हणत नाही.

"तो आपल्यातला असणार," त्या म्हणाल्या. लाल रेघ पुसट झाली. "उद्या सकाळी पीठ घेऊन ये भिंतीवर. बघते."

दुसऱ्या दिवशी मी पिठाचं पातेलं नेलं आणि गुन्ह्याची कबुली दिली. दोन वाट्या कणीक, तीन पिकलेली कर्पूरवल्ली केळी कुस्करून, अर्धी वाटी गूळ, नारळाचं दूध, जवसाचा बुळबुळीत लगदा, वर बेकिंग पावडर. पीठ चाखायला इतकं सुंदर की मी तीन चमचे तसंच खाल्लं. यंत्र तापलं, दिवा हिरवा झाला, पळीभर घातलं, मिटलं. दोन मिनिटांत खमंग वास, तिसऱ्या मिनिटाला त्याहून खमंग, आणि चौथ्याला मी उत्सुकतेनं झाकण उघडलं. फर्रर्र आवाज आला, कापड फाटल्यासारखा. आत पिवळट लगदा, बाहेर काळपट साल, आणि दोन्ही तव्यांच्या प्रत्येक चौकटीत अडकलेला एकेक तुकडा. एका तव्यावर मोजून बत्तीस चौकटी, दोन्ही मिळून चौसष्ट. दात कोरायच्या काडीनं एकेक खरवडत रात्री पावणेबारापर्यंत बसले होते. तेव्हा गेला तो वास अक्कांकडे.

"कर्पूरवल्ली!" अक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्या केळ्यात मधाइतकी साखर. त्यात वर गूळ. साखर नाही लाल होणार तर काय?"

इथे मला कबूल करायला हवं की अठरा वर्षं मद्रासमध्ये राहूनही मी केळी रंगावरून घेत असे. (मधली चार वर्षं आम्ही होसूरला होतो, अक्का ती हिशेबात धरतात, मी धरत नाही.) चिपळूणला केळं म्हणजे केळं, फार तर वेलची नाहीतर राजेळी. इथे अण्णाचीच्या दुकानात एका दांडीवर सहा जातींचे घड लटकतात. पूवन जरा आंबूस, पूजेला आणि पोटाला. रस्ताळी पिठूळ गराची. मलै वाळै डोंगरातली, छोटी, वासाची. सेव्वाळै लाल सालीची, बाळंतिणीला आणि पाहुण्याला. कर्पूरवल्ली राखेसारख्या सालीची आणि गोडमिट्ट. आणि नेंद्रन, जिचे केरळात वेफर्स करतात, ती पिकली तरी घट्ट राहते.

"नेंद्रन घे. एकच. साल काळी पडेपर्यंत पिकलेली. सालीसकट उकडून मग कुस्कर. पाणी सुटणार नाही."

एकच? फळाचं वॉफल म्हणायचं आणि फळ एकच?

"फळ आत कमी, वर जास्त. आत घातलं की ते पाणी सोडतं, पीठ बसतं, साखर जळते. वर घालायला बंगनपल्ली आहे, इमाम पसंद आहे, वाटेल तेवढं घाल. आत घातलेला आंबा कुणाला दिसतो? पाहुण्याला दिसला पाहिजे ना?"

यातलं शास्त्र नंतर ह्यांनी समजावलं, न विचारता. फळातली साखर उसाच्या साखरेपेक्षा कमी आचेवर लाल होते. यंत्राचा तवा तर त्याच्या कितीतरी वर तापलेला. म्हणजे वरची साल जळते तेव्हा आत पीठ शिजलेलंही नसतं. अंडं असतं तर त्यानं आतून बांधून धरलं असतं. अंडं नाही, म्हणून सगळा भार पिठावर, आणि कणकेला तो पेलत नाही. ती चिवट होते, कुरकुरीत होत नाही.

"मग बांधायला काय घालायचं अक्का? जवस तर झालं."

अक्का माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला माझीच कीव आली. "तुझ्या फ्रिजमध्ये आत्ता काय आहे?"

डोशाचं पीठ. अर्थात. गिंडीत कुणाच्या फ्रिजमध्ये नसतं?

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात कामाची गोष्ट ही एवढीच. उडीद वाटला की जो चिकट, हलका फेस येतो, तो अंड्याचं काम करतो: बांधतोही आणि आंबताना सुटलेली हवा धरूनही ठेवतो. तांदूळ कुरकुरीतपणा देतो. सोडा जवळजवळ लागत नाही, आणि मे महिन्यात मद्रासला पीठ वर यायला पाच-सहा तास पुष्कळ झाले, चिपळूणला डिसेंबरात त्यालाच अख्खी रात्र लागते. वीगन नाश्त्यासाठी आम्ही बाजारातून जे जे आणलं होतं, ते सगळं फ्रिजमधल्या पातेल्यात आधीच होतं.

आमचे हे भिंतीपाशी आले तेव्हा नेमका तंजावरचा विषय निघाला होता. अक्का म्हणत होत्या, सरफोजीराजांच्या वाड्यात साहेबांची ये-जा होती, तेव्हा वॉफल काय, सगळं झालेलं असणार. "सरस्वती महालात 'सरभेंद्र पाकशास्त्र' आहे. मराठीत. जाऊन बघ."

"त्यात वॉफल आहे का?" ह्यांनी विचारलं.

"मी कुठं वाचलंय? आहे म्हटलं ते पुस्तक."

"मग वॉफल आपलं नाही म्हणता येणार."

"आणि सांबार?" मी मुद्दाम काडी टाकली. तंजावरला शहाजीराजांकडे संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली होती म्हणून चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून सांबार, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. अक्का ती प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगतात.

"गोष्ट छान आहे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "कागद नाही त्याला. माझे आजोबा म्हणायचे, कागद नसेल तर गोष्ट जेवताना सांगावी, कचेरीत नाही." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटायचं, त्यांचा त्या गोष्टीवर तंजावरच्या मोठ्या देवळाइतका विश्वास आहे.

ह्यांनी मग वॉफलचं कागदोपत्री सांगितलं. चुलीवर उलटवता येणाऱ्या वॉफलच्या साच्याचं पेटंट अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट या गृहस्थानं २४ ऑगस्ट १८६९ ला घेतलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७० च्या सुमारास, ओरेगॉनमधला धावण्याचा प्रशिक्षक बिल बॉवरमन यानं बायकोच्या वॉफल-साच्यात रबर ओतलं आणि त्यातून धावण्याच्या बुटांचा तळवा निघाला. नाइकीचे बूट तिथून पुढे गेले. साचा अर्थात कायमचा चिकटून बसला.

"बघ," अक्का मला म्हणाल्या. "तुझं पीठ एकटंच नाही चिकटलं." मग ह्यांच्याकडे वळून, "आणि तुम्ही पोराला बुटाचा तळवा खायला घालताय, हे त्याला सांगू नका."

जाताना त्यांनी आतून एक लोखंडी वस्तू आणली. लांब दांडी, टोकाला फुलाच्या आकाराची जाळी. अच्चु मुरुक्कूचा साचा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, थोडी साखर, तीळ. साचा तापल्या तेलात ठेवायचा, मग पिठात अर्धाच बुडवायचा, परत तेलात, की फूल आपोआप सुटून तरंगतं.

"हे कशाला?"

"बघायला. हा माझ्या सासूचा. कधी साबण लागला नाही याला. तुझं नवं यंत्र तू काय केलंस, धुतलंस?"

धुतलं होतं. काथ्यानं.

"तव्याला तेल पिऊ दे. आज रात्री तेल लावून नुसतं तापव, पूस, परत लाव. तीनदा. पहिलं निघेल ते कावळ्याला." थोडं थांबून, "आणि उघडू नकोस. वाफ बघ. कडेनं वाफ येत असते तोपर्यंत आत पाणी आहे. वाफ थांबली की ते स्वतः सुटतं. इडलीचं झाकण तू चौथ्या मिनिटाला काढतेस का?"

शनिवारी सकाळी मी केलं. प्रमाण सांगते, कुणाला हवं असेल तर. ताजं, आंबट न झालेलं डोशाचं पीठ दोन वाट्या, घट्टच. तांदळाचं पीठ तीन चमचे. उकडून कुस्करलेलं एक नेंद्रन. गूळ एकच चमचा, किसून. खोबरेल तेल दोन चमचे. पिठातलं तेलच चिकटू देत नाही, वरून लावलेलं पुरत नाही. वेलदोडा, मिठाची कणी. यंत्र पुरतं तापल्यावर पळीभर, मिटलं, हात पाठीमागे बांधले. वाफ आली, जोरात आली, मग बारीक झाली, मग एकेक धागा. सहा मिनिटं झाली असतील. उघडलं. झाकण कुरकुर न करता वर आलं, आणि खाली तांबूस, चौकटींच्या कडा उठून दिसणारं, अंगानं कडक असं ते पडलेलं. चिमटीत धरून उचललं तर सरळ राहिलं. ताटात ठेवलं असतं तर खालून घाम सुटून मऊ झालं असतं, म्हणून जाळीवर.

चार झाली. जाळी घेऊन मी भिंतीकडे पळाले, भिंतीवर ठेवली, अक्कांना हाक मारली आणि डबरा आणायला त्या आत वळल्या एवढ्यात वरून सावली पडली.

गिंडीचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात आहे, जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं. काळवीट आणि चितळ कुंपणाच्या आत राहतात. माकडांना कुंपण कळत नाही. टोपीसारखा केसांचा भांग असलेलं एक लालतोंडं माकड अक्कांच्या पाण्याच्या टाकीवरून उतरलं, दोन्ही हातांत दोन वॉफल घेतली आणि वर गेलं. वर बसून त्यानं एकेक चौकट मोडून खाल्ली, सावकाश, चॉकलेटच्या वड्या मोडतात तशी. एकही तुकडा खाली टाकला नाही. एरवी आमची इडली ते फेकून देतं.

"पास झालीस," अक्का म्हणाल्या आणि उरलेल्या दोनातलं एक त्यांनी पदराखाली घातलं.

आता प्रश्न उरला कॉफीचा. वीगन पाहुण्याला दूध घातलेली कॉफी देता येईना आणि बिनदुधाची देणं अक्कांना जमेना. "कॉफीत दूध घेत नाही? त्याच्या घरचे बोलतात का त्याच्याशी?" शेवटी त्यांनीच तोडगा काढला: सुक्कु काप्पी. सुंठ, धणे आणि करुपट्टी, म्हणजे ताडाचा गूळ. सर्दी झालेल्या माणसाचं पेय, आणि बाहेर चाळीस अंशांचं ऊन. पण नकार द्यायची माझी छाती झाली नाही.

रविवारी अक्का सकाळी सहालाच दारात कोलम काढायला बसल्या. एरवी सात ठिपक्यांचा काढतात, दहा मिनिटांत होतो. त्या दिवशी एकवीस ठिपक्यांचा काढला, आणि मुलगा साडेआठला आला तेव्हाही त्या शेवटची रेघ ओढतच होत्या. रेघ तशीच ठेवून पीठ लागलेल्या हातानं त्या उठल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "या. कुठले राव?"

मुलगा गोंधळला. उंच, सडसडीत, चपला फाटकातच काढलेल्या. लेकीनं भाषांतर केलं, तोंड लपवत. तो हसला आणि तमिळमध्ये म्हणाला, "उडुपीकडचे. घरी तुळू बोलतो आम्ही."

अक्कांचा चेहरा मी पाहिला. सर टी. माधवराव त्यातून एका झटक्यात निघून गेले. "सरी, सरी," एवढंच म्हणाल्या आणि कोलमची रेघ पुरी करायला बसल्या. पण सुक्कु काप्पीचा तांब्या भिंतीवरून आलाच, वेळेवर.

मुलगा बोलायला गोड. पहिलं वॉफल त्यानं काही न बोलता संपवलं. मी वर इमाम पसंदच्या फोडी रचल्या होत्या, चौकटींत गूळ आणि नारळाच्या दुधाचा घट्ट रस ओतला होता. त्यासाठीच त्या चौकटी असतात, हे मला तेव्हा कळलं. दुसरं घेताना तो थांबला, तुकडा जिभेवर घोळवला आणि विचारलं, "आंटी, यात डोशाचं पीठ आहे का?"

लेकीनं डोळे मिटले. तिनं त्याला सांगून ठेवलं होतं की आई अगदी बेल्जियमसारखं करतेय.

"आहे," मी म्हटलं. आता काय लपवायचं?

"म्हणूनच," तो म्हणाला. "तिकडे हे नसतं." आणि मग त्यानं आपल्या आजीचं सांगितलं. फणस पिकला की आजी गर आणि तांदूळ वाटून, गूळ-खोबरं घालून, सागाच्या पानांत गुंडाळून वाफवते. गट्टी म्हणतात. सागाचं पान शिजताना लाल रंग सोडतं, तो गट्टीला लागतो. त्यात दूध नाही, तूप नाही, काहीच नाही. वीगन झाल्यावर घरी सगळ्यांनी भांडण काढलं, आजी तेवढी म्हणाली, मग हे खा, हे तुझ्या नियमात बसतं.

मी सांदण सांगितलं. बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ, वाटीत घालून वाफवलेलं, वर नारळाचं दूध. ते आमच्याकडे पानात नाही करत. तो म्हणाला, पान लावून बघा. मी म्हटलं, फणस आणा, लावते. माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं पंधरा मिनिटं फणसावर बोलतोय आणि लेक आमच्याकडे बघत नुसती बसलीय, हातात काटा धरून. चेहऱ्यावर समाधान होतं की भीती, ते मला ओळखता आलं नाही. चार वॉफल खाऊन तो गेला. सुक्कु काप्पीही प्यायला, सगळी, कपाळावर घाम घेऊन.

सोमवारी सकाळी साडेसहाला डबरा भिंतीवर टेकला.

"खाल्लं?"

"चार."

"काप्पी?"

"तांब्या रिकामा आहे, बघा."

अक्कांनी तांब्यात डोकावून पाहिलं, खात्री केली. मग मी गट्टीचं सांगितलं, सागाच्या पानाचं, लाल रंगाचं, आजीचं. अक्का ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "पार्कात साग आहे का गं?"

"अक्का, ते राष्ट्रीय उद्यान आहे. पान तोडलं तर आत टाकतील."

"माकडाला सांगू. त्याचं आपल्याकडे देणं आहे." कॉफी एकदा खालीवर झाली. "तुळू तर तुळू. माणूस पानात शिजवून खाणारा आहे, वाईट नसेल. आता पुढच्या रविवारी त्याची"

विमान आलं. मोठं होतं, सावकाश गेलं. टाकीवरच्या माकडानं मान वर केली आणि खाली घातली.

"आई येणार आहे," अक्का म्हणाल्या. "उडुपीहून. काल रात्री तुझी लेक फाटकात उभी राहून फोनवर बोलत होती. तुला सांगितलं असेल म्हटलं."

माझा चहा गार झाला होता.

"नाही सांगितलं? बरं. साचा धुऊ नकोस," अक्का म्हणाल्या, "आणि या वेळी आठ कर. दोन माकडाची धर."